मोडीसाठी आलेला डबा: सराफी पेढीवरचं एक प्रकरण

साताऱ्यातल्या एका लहान, स्वतंत्र सराफी पेढीवर तीन भावंडं आईच्या पश्चात तिचा दागिन्यांचा डबा घेऊन आली. मोठा भाऊ साताऱ्यातच राहतो, मधली बहीण पुण्यात, धाकटी न्यू जर्सीत. मागणी स्पष्ट होती: सगळं आटवा, शुद्ध सोनं किती निघतं ते सांगा आणि तीन सारखे वाटे करा. धाकटीचं परतीचं तिकीट काढलेलं होतं, त्यामुळे घाईही होती. फक्त माणकाची अंगठी तेवढी बाजूला ठेवायची होती. ती मोठ्या भावाच्या मुलीला हवी होती. तिचा जन्म जुलैतला, आणि माणिक हे जुलैचं जन्मरत्न.

पेढीच्या मालकांनी त्या दिवशी मोड, म्हणजे आटवायचं जुनं सोनं, घेतली नाही. "ताई, आटवायला अर्धा तास लागतो, पण आटवलेलं परत मिळत नाही. आधी काय आहे ते बघू," एवढंच ते म्हणाले आणि मला बोलावून घेतलं. मी रत्नपरीक्षक आहे. जुन्या दागिन्यांची तपासणी आणि मूल्यांकन हे माझं काम. या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील बदलले आहेत.

डब्यात होतं ते असं: मोत्यांची चिंचपेटी, मोडलेली नथ, पुतळ्यांची माळ, पाटल्यांची जोडी, माणकाची अंगठी, तुटकी साखळी, कानातल्यांच्या सुट्या फिरक्या. शिवाय चांदीची गुलाबदाणी आणि अत्तरदाणी.

मोडीचा व्यवहार कसा होतो हे आधी सांगायला हवं, कारण सगळा धोका तिथंच आहे. दागिना काट्यावर चढतो, खडे, मोती आणि लाख यांचं वजन वजा होतं, शुद्धता ठरते, त्या दिवसाच्या भावानं रक्कम निघते. निव्वळ सोन्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण या हिशेबात मोती म्हणजे वजा करायचं ओझं ठरतो. नथीची तार कापली जाते आणि मोती कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिले जातात. यात कुणी फसवत नाही. फक्त त्या पुडीत काय आहे हे विचारायला कुणाला सांगितलेलं नसतं. मोठ्या दालनांत जुनं देऊन नवं घेण्याच्या योजनेवर विक्रीचे आकडे अवलंबून असतात, तिथं थांबायला वेळ नसतो. छोट्या पेढीला तो वेळ काढता येतो, आणि माझ्या मते अशी पेढी टिकण्याचं ते सर्वांत चांगलं कारण आहे.

मूल्यांकनाची फी आम्ही वस्तूच्या किमतीच्या टक्क्यांत घेत नाही, कामाच्या वेळावर घेतो. टक्क्यांत घेतली की आकडा फुगवण्यात परीक्षकाचाच फायदा असतो. हे भावंडांना सुरुवातीलाच सांगितलं आणि लिहूनही दिलं.

पाटल्या

पाटल्यांबद्दल घरात एक जुना सल होता. आईनं त्या एकदा दुसरीकडे दाखवल्या होत्या, तेव्हा सोनं हलकं निघालं. ज्या सोनारानं त्या घडवल्या त्यानं हीण घालून फसवलं, असं ती आयुष्यभर सांगत आली. तो सोनार आता हयात नाही आणि त्याचं दुकानही कधीच बंद झालं, पण घरात अजून त्याचं नाव रागानंच निघायचं.

कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ तेजाबाखाली (आम्लाखाली) लवकर फिकी झाली. क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्रानं सोन्याचं प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास दाखवलं. हे यंत्र पृष्ठभागाचीच शुद्धता वाचतं, म्हणून पाटलीच्या आतल्या बाजूनं आणि डाग दिलेल्या (सांधा जोडलेल्या) जागांपासून दूर, असं अनेक ठिकाणी पाहिलं. जुन्या कामात डाग द्यायला हलकं सोनं वापरत, सांध्यावरचं वाचन त्यामुळे नेहमी कमी येतं. इथं मात्र सगळीकडे तोच आकडा होता. हीण मिसळणाऱ्याचं काम सहसा इतकं एकसारखं नसतं, आणि ५८ हा आकडा ओळखीचाही होता. १४ कॅरट म्हणजे ५८.३ टक्के.

मग डब्याच्या तळाचं मखमली अस्तर उचललं. खाली घडी घातलेली पावती होती: साल १९६४, आणि वजनापुढे "१४ कॅ." असं स्वच्छ लिहिलेलं.

१९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती, सोन्याची मागणी आणि तस्करी दोन्ही रोखायचं सरकारनं ठरवलं होतं. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण नियम आले. नवे दागिने १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे घडवायला बंदी झाली. बावनकशी सोन्यावर वाढलेल्या गिऱ्हाइकाला १४ कॅरटचा रंग पसंत पडेना, आणि देशभर असंख्य सोनारांची रोजीरोटी गेली. शुद्धतेवरचं हे बंधन १९६६ मध्ये उठलं. पुढं १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. म्हणजे या पाटल्या कायद्यानं घालून दिलेल्या मापाच्या होत्या, आणि सोनारानं ते पावतीवर लिहूनही दिलं होतं. त्यानं फसवलं नव्हतं.

मोठ्या भावानं पावती पुन्हा पुन्हा वाचली. "आईला हे कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. सगळ्या तपासणीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. पाटल्या आटवल्या असत्या तर हलक्या सोन्याचा आकडा हाती आला असता आणि सोनारावरचा आरोप कायमचा शिक्कामोर्तब होऊन राहिला असता.

चिंचपेटी आणि नथ

चिंचपेटीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मोती पिवळसर झालेले, दोरा मळलेला, एका चौकटीतले काही मोती गळालेले. मधली बहीण म्हणाली, "हे मोती काढून टाका, सोनं तेवढं घ्या."

मोती खरा की नकली हे पाहायला घरोघरी तो दातावर घासतात. खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. एवढ्यापुरती ही चाचणी ठीक आहे. पण समुद्रातल्या शिंपल्यात आपोआप तयार झालेला मोती आणि शेतीतून वाढवलेला मोती, दोन्ही दाताला सारखेच लागतात, कारण दोघांचं बाहेरचं आवरण एकच. फरक आत असतो. संवर्धित मोत्यात बहुधा शिंपल्याचा घडवलेला गोल मणी गाभ्याला असतो आणि त्यावर आवरणाचे थर चढलेले असतात. नैसर्गिक मोत्यात केंद्रापासून थरावर थर असतात, कांद्यासारखे.

भिंगाखाली आधी भोकं पाहिली. चिंचपेटीच्या मोत्यांची भोकं फार बारीक होती. मोती वजनावर विकला जायचा तेव्हा भोक पाडताना उडणारी पूडही नुकसान होती, म्हणून जुने कारागीर शक्य तितकं बारीक छिद्र पाडत. संवर्धित मोत्याच्या भोकात डोकावलं तर मणी आणि आवरण यांच्यामधली गडद रेघ पुष्कळदा दिसते. इथं ती नव्हती. प्रखर दिव्यापुढे फिरवून पाहिलं, गाभ्यातल्या मण्याचे पट्टेही दिसले नाहीत. मोत्यांचे आकार थोडे थोडे वेगळे आणि रंग सायीसारखा होता. ही सगळी लक्षणं इराणच्या आखातातल्या, आपण ज्यांना बसराचे मोती म्हणतो त्या मोत्यांची.

पण लक्षणांवर मी किंमत लिहीत नाही. नैसर्गिक की संवर्धित हे ठामपणे सांगायचं तर क्ष-किरण तपासणी लागते. म्हणून चिंचपेटी आणि नथीचे मोती मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवले. धाकटी बहीण अस्वस्थ झाली, तिचे दिवस मोजके होते. तरीही मी आग्रह सोडला नाही.

बहरीन, कुवेतकडच्या शिंपल्यांतले मोती वर्षानुवर्षं मुंबईत येत. इथं त्यांची प्रतवारी व्हायची, भोकं पडायची आणि इथून ते पॅरिस-लंडनपर्यंत जायचे. मराठी घरांतल्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या याच व्यापाराच्या काठावर घडल्या. मग जपानमधल्या कोकिची मिकिमोतो यांचे गोल संवर्धित मोती १९२० च्या दशकात जगाच्या बाजारात उतरले, पाठोपाठ जागतिक मंदी आली, आणि १९३० च्या दशकात आखातातला मोतीव्यवसाय कोसळला. म्हणून असे जुने मोती आज दुर्मीळ आहेत. बडोद्याच्या गायकवाडांच्या संग्रहातल्या मोत्यांचा दुपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. मी हे भावंडांना सांगितलं, आणि लगेच हेही सांगितलं की त्या मोत्यांचा आकार आणि जुळणी जगात मोजक्याच ठिकाणी सापडेल. चिंचपेटीतले बारीक मोती त्या पंक्तीत बसत नाहीत. भलती आशा लावणं हेसुद्धा चुकीचं मूल्यांकनच.

अहवाल आला. चिंचपेटीतले मोती नैसर्गिक, खाऱ्या पाण्यातले. मागाहून बसवलेले चार तेवढे काचेचे. नथीतले मात्र सगळे संवर्धित, प्रत्येकात मणी स्पष्ट दिसत होता. म्हणजे नथ केव्हातरी मोडून पुन्हा गाठवलेली होती. तारेच्या एका सांध्यात यंत्रानं कॅडमियमही दाखवलं. असा डाग द्यायची पद्धत आपल्याकडे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फोफावली, तेव्हा शेवटची दुरुस्तीही त्याच सुमाराची असणार. चिंचपेटीचं मूल्य तिच्यातल्या सोन्याच्या कितीतरी पट निघालं, आणि ज्या नथीला घरात जास्त जपलं होतं ती तुलनेनं अलीकडची ठरली.

मधल्या बहिणीला एक सूचना लिहून दिली: चिंचपेटी कुणालाही तेजाबात किंवा कंपनाच्या यंत्रात धुवायला देऊ नका. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट; आम्लात त्याचं तेज जातं आणि ते परत आणता येत नाही. अत्तर आणि घामही त्याला सोसत नाही. मऊ ओलसर फडक्यानं पुसा, वाळवून सुती कापडात ठेवा, आणि दोरा पटवेकऱ्याकडून (दागिने गाठवणाऱ्याकडून) रेशमात बदलून घ्या.

जुलैचं माणिक

अंगठीबद्दल घरात ठाम समज होता: पेशवेकालीन, खानदानी माणिक. खडा मोठा, स्वच्छ, भडक लाल. इतकं मोठं माणिक इतकं निर्मळ असतं तेव्हा परीक्षकाच्या मनात पहिली शंका येते. नैसर्गिक माणकात बहुतेक वेळा रेशमासारख्या बारीक सुया, बोटांच्या ठशांसारखी जाळी, सरळ किंवा कोनात वळणाऱ्या वाढीच्या रेघा असं काहीतरी असतंच.

अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप) १.७६ ते १.७७ दरम्यान आला, म्हणजे माणकाचाच. काच आणि स्पिनेल (माणकासारखाच दिसणारा वेगळा खडा) हे पर्याय बाद झाले. पण हा आकडा खाणीतल्या आणि कारखान्यातल्या माणकाला सारखाच येतो, कारण दोन्ही पदार्थ एकच: अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, आणि लाल रंग क्रोमियमचा. उत्तर सूक्ष्मदर्शकात मिळालं. आत ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेघा आणि बारीक गोल बुडबुडे होते. ऑग्युस्त वेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये जाहीर केलेल्या ज्वाला-पद्धतीची ही खूण. तापलेल्या ज्योतीतून पडणारी पूड वितळून थरावर थर साचत जाते आणि ते थर वक्रच बसतात. निसर्गातल्या माणकात अशा रेघा सापडत नाहीत. तेव्हा खडा पेशवेकालीन असणं शक्यच नाही.

मी मुलीला बोलावून सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितलं. असा निष्कर्ष कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला बरा. रेघा दिसल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे हे खोटं आहे?" काच असती तर मी हो म्हटलं असतं. हे माणिकच आहे, ते खाणीत घडलेलं नाही इतकंच. विकताना "नैसर्गिक" म्हणून विकणं हा मात्र गुन्हा ठरेल, आणि बाजारात त्याला खाणीतल्या माणकाच्या किमतीचा अगदी छोटा अंश मिळेल. इंग्लंडच्या राजमुकुटातलं प्रसिद्ध "ब्लॅक प्रिन्सचं माणिक" मुळात स्पिनेल आहे. शतकानुशतकं लाल खडा दिसला की त्याला माणिकच म्हटलं जायचं, तेव्हा या घरानं तसं मानलं यात लाजण्यासारखं काही नाही.

तिचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता: "मग जन्मरत्न म्हणून चालेल का?"

महिन्यावार जन्मरत्नांची आज प्रचलित असलेली यादी १९१२ मध्ये अमेरिकेतल्या सराफांच्या राष्ट्रीय संघटनेनं कॅन्सस सिटीच्या बैठकीत ठरवली. त्यामागे जुन्या युरोपीय समजुती आहेत, पण नेमकी यादी व्यापाऱ्यांची, आणि ती बदलत आली आहे. डिसेंबरसाठी टँझानाइट २००२ मध्ये घातलं गेलं. हा खडा टांझानियात सापडला तोच मुळी १९६७ मध्ये. ऑगस्टसाठी स्पिनेल २०१६ मध्ये आलं. आपल्याकडची नवरत्नांची रीत वेगळी आहे: माणिक रवीचं, आणि ते कुणी घालावं हे कुंडली पाहून ठरवतात, इंग्रजी महिन्यावरून नाही. काउंटरवर या दोन रीतींची सर्रास सरमिसळ होते, आणि जुलैत जन्मलेल्या गिऱ्हाइकाला रवीचा प्रभाव सांगून माणिक विकलं जातं. मला हे मान्य नाही. ज्याला श्रद्धेनं ग्रहाचं रत्न घालायचं आहे त्याला खडा खाणीतला आहे की नाही हे स्पष्ट सांगावं आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. ज्याला वाढदिवसाच्या महिन्याची खूण म्हणून घालायचं आहे त्याला आजीच्या डब्यातली ही अंगठी पुरेपूर शोभते.

मुलीनं अंगठी घेतली. खडा धरणारी नखं झिजली होती तेवढी भरून दिली, खड्याला हात लावला नाही.

पुतळ्या आणि कायदा

पुतळ्यांच्या माळेत बहुतेक पुतळ्या पातळ पत्र्यावर ठसा उठवून केलेल्या होत्या. दोन मात्र जड, दोन्ही बाजूंनी ठसठशीत, साडेतीन ग्रॅमच्या आसपास. एका अंगाला संतापुढे गुडघे टेकलेला डोज (व्हेनिसचा राज्यप्रमुख), दुसऱ्या अंगाला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त. ही व्हेनिसची डुकाट नाणी. व्हेनिसनं ती १२८४ पासून पाडली आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपलं. या नाण्याचं सोनं जवळजवळ शुद्ध असल्यामुळे व्यापारातून ती आपल्या किनाऱ्यावर येत राहिली आणि गळ्यात ओवली गेली. भारतात त्यांच्या नकलाही झाल्या, पण नकलांमधली लॅटिन अक्षरं बहुधा बिघडलेली असतात. इथली अक्षरं नीट वाचता येत होती. ओवण्यासाठी डागलेल्या कड्यांमुळे संग्राहक या नाण्यांना कमी भाव देईल. तरी कड्या काढू नका आणि नाणी चकचकीत करू नका, असं सांगितलं. पॉलिशनं झीज वाढते, आणि या माळेचा इतिहास त्या कड्यांतच आहे.

धाकट्या बहिणीला माळ हवी होती. इथं १९७२ चा पुरातन वस्तू आणि कला खजिना कायदा आडवा येतो. किमान १०० वर्षं जुनी नाणी, कलाकुसरीच्या वस्तू या कायद्यानुसार पुरातन वस्तू ठरतात, आणि त्या देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. घरची आहे, आईची आहे, म्हणून सूट मिळत नाही. परदेशातून लग्नामुंजीला येणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना हे माहीतच नसतं, आणि विमानतळावर प्रश्न आला की फार उशीर झालेला असतो. डुकाटांबाबत वाद नव्हता, माळ इथंच राहणार. चिंचपेटीचं नेमकं वय सिद्ध करता येत नव्हतं, पण ती शंभरीपलीकडची असण्याची शक्यता मोठी होती, म्हणून तीही इथंच. नथीतले मोतीच संवर्धित, पाटल्यांना तर १९६४ ची पावती; या बाहेर नेता येतील असं दिसत होतं.

वाटण्या मग वजनावर झाल्या नाहीत. माळ मोठ्या भावाकडे, चिंचपेटी मधलीकडे, पाटल्या आणि नथ धाकटीकडे. चांदीची गुलाबदाणी आणि अत्तरदाणी दोन्ही बहिणींनी एकेक घेतली; त्यांत विशेष काही नव्हतं, घडण मात्र सुबक. चिंचपेटीमुळे मधलीच्या वाट्याला जास्त येत होतं, तो फरक तिनं हप्त्यांनी भरून द्यायचं लिहून दिलं. मुशीत गेली ती तुटकी साखळी आणि फिरक्या.

नथीची तार आणि फासा जुना असू शकतो, म्हणून ती पुरातन वस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळेपर्यंत पेढीतच ठेवली. धाकटी बहीण पाटल्या घालून गेली. प्रत्येक दागिन्यासाठी स्वतंत्र पत्रक केलं: फोटो, वजन, शुद्धता, खड्यांचं वर्णन, प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक, केलेली दुरुस्ती. प्रती तिघांकडे आहेत. पाटल्यांच्या पत्रकाला मोठ्या भावानं १९६४ ची मूळ पावती स्वतः जोडून दिली, आणि तीवरच्या सोनाराचं नाव पत्रकात "घडवणारा" या रकान्यात लिहायला सांगितलं.